नव्या बिऱ्हाडासाठी तेल-तूप कसे निवडावे : सांगलीच्या स्वयंपाकघरासाठी एक मार्गदर्शक

सांगलीत नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्याला, मग तो कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आलेला असो, मिरजेला वैद्यकीय शिक्षण घेत असो किंवा लग्नानंतर विश्रामबागेत स्वतंत्र घर केलेले जोडपे असो, किराणा भरताना सर्वांत जास्त अडखळायला लावणारा जिन्नस तेल हाच असतो. ज्वारी, डाळ, गूळ हे डोळ्यांनी पारखता येतात. तेल मात्र बंद पिशवीत असते, पिशवीवर हृदयाचे चित्र असते आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा, शेजाऱ्यांचा व दुकानदाराचा सल्ला एकमेकांशी जुळत नाही. या लेखात मी निवडीचा एक क्रम सांगणार आहे. तो क्रम असा, की आधी घराला तेल किती लागते ते ठरवावे, मग ते कोणत्या आचेवर आणि कशासाठी वापरले जाणार ते पाहावे, आणि त्यानंतरच कोणते तेल घ्यायचे व ते शुद्ध आणि ताजे आहे का, याकडे वळावे. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. ‘सर्वांत चांगले तेल कोणते’ या एका प्रश्नावर सगळी चर्चा होते आणि पळी मात्र पूर्वीइतकीच भरून कढईत जाते.

पहिली पायरी : महिन्याचे प्रमाण ठरवणे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत २००० किलोकॅलरींच्या संतुलित आहारासाठी वरून वापरायच्या तेल-तुपाचे प्रमाण दिवसाला सुमारे २७ ग्रॅम धरलेले आहे. चहाच्या एका सपाट चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे साडेचार ग्रॅम तेल बसते. म्हणजे एका माणसाला दिवसभरात सहा चमचे, आणि त्यात भाकरीवरचे तूप, चटणीवरचे तेल, पोळीला लावलेले तेल हे सगळे आले. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात, हे धरले तर एका चमच्याचे साधारण ४० किलोकॅलरी होतात.

हा हिशोब चौघांच्या घराला लावून पाहावा. चार प्रौढांचे दिवसाला १०८ ग्रॅम आणि तीस दिवसांचे ३२४० ग्रॅम होतात. त्यांतून महिन्याला अर्धा किलो तूप वजा केले, तर तेलासाठी २७४० ग्रॅम उरतात. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम असते. तेव्हा चौघांच्या घराला महिन्याला तीन लिटर तेल पुरायला हवे, आणि ते रोजचे जेमतेम १०० मिलिलिटर होते. ही संख्या ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण आपल्याकडे पाच-सहा लिटर सहज संपते. ती आवाक्यात आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सकाळी दिवसभराचे तेल मोजून एका लहान बरणीत काढून ठेवणे आणि त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक त्यातूनच करणे. मोठ्या किटलीतून थेट कढईत धार धरली, की हात किती सुटला ते कळत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांच्या आहारातील स्निग्धांश अशा मोजमापाने कमी करू नये, कारण वाढीच्या त्या वयात त्यांना तुलनेने जास्त लागतो. हृदयविकार, मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आपल्या भागातल्या स्वयंपाकात आणखी एका गोष्टीचा हिशोब ठेवावा लागतो, तो म्हणजे कुटाचा. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो, त्यामुळे मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम कूट भाजीत पडला, की चौदा-पंधरा ग्रॅम तेल त्यातूनच येते. भरली वांगी मंद आचेवर शिजताना कडेने जे तेल सुटते, ते बरेचसे कुटाचे असते. सुक्या खोबऱ्यात तर साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, त्यामुळे कांदा-खोबऱ्याचे वाटण घातलेल्या रश्शावरचा तवंग फोडणीचे तेल निम्मे केले तरी येतो. तर्रीचा लाल रंग हा मिरचीतल्या तेलात विरघळणाऱ्या रंगद्रव्याचा असतो. दोन चमचे तेलात मंद आचेवर कांदा-लसूण मसाला नीट परतला, तरी तो रंग उतरतो. शेंगदाणे हे उत्तम अन्न आहे आणि कूट कमी करा असे मी मुळीच म्हणणार नाही, मात्र ज्या भाजीत कूट किंवा खोबरे आहे, तिची फोडणी चमचाभर तेलातच करावी. भाकरीला तेल लागतच नाही, ही आपल्या ताटाची मोठी जमेची बाजू आहे. ज्या घरात रोज एका वेळेला ज्वारीची भाकरी होते, त्या घराला तीन लिटरांचे गणित पोळी-पराठ्याच्या घरापेक्षा कितीतरी सहज जमते.

दुसरी पायरी : तेल कशासाठी लागते ते पाहणे

एक आठवडाभर आपल्या स्वयंपाकाकडे या दृष्टीने पाहावे. रोजची फोडणी आणि भाजी परतणे हे मध्यम आचेचे काम असते, वडे, भजी, पुऱ्या आणि दिवाळीचा फराळ तळणे हे तीव्र आचेचे, आणि खर्ड्यावर, शेंगदाण्याच्या चटणीवर किंवा कोशिंबिरीवर कच्चे तेल घेणे हे आच नसलेले काम असते. लोणच्यासाठी तेल गरम करून, पूर्ण थंड करून ओतले जाते आणि ते वर्षभर टिकावे लागते. ही कामे वेगळी आहेत आणि एकाच तेलाने ती सगळी सारखी चांगली होत नाहीत, एवढे लक्षात आले की पुढची निवड सोपी होते.

तिसरी पायरी : तेलाच्या आत काय असते

तेल किंवा तूप कोणतेही असो, त्यात तीन प्रकारची मेदाम्ले (फॅटी ॲसिड्स) कमी-अधिक प्रमाणात असतात. ती म्हणजे संपृक्त, एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त. पिशवीवर ती सॅच्युरेटेड, मोनो आणि पॉली अशा नावांनी लिहिलेली असतात. संपृक्त मेदाम्ले उष्णतेला आणि हवेला चांगली टिकतात, पण ती जास्त खाल्ल्यास रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा त्यांच्याकडून यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुअसंपृक्त मेदाम्ले शरीराला आवश्यक असतात, परंतु आच आणि हवा लागली की ती लवकर बिघडतात. एकअसंपृक्त मेदाम्ले या दोन्हींच्या मधली असतात, आरोग्याला चांगली आणि आचेलाही बऱ्यापैकी टिकणारी.

आता आपल्या बाजारातली तेले या मापाने पाहू. शेंगतेलात संपृक्त मेदाम्ले सुमारे अठरा-वीस टक्के, एकअसंपृक्त निम्म्याच्या आसपास आणि बहुअसंपृक्त तीस टक्क्यांच्या घरात असतात. करडईत बहुअसंपृक्त मेदाम्ले जवळजवळ तीन चतुर्थांश आणि संपृक्त जेमतेम दहा टक्के असतात. सूर्यफूल साधारण करडईच्या वळणाचे आहे. सोयाबीनमध्ये बहुअसंपृक्त साठ टक्क्यांच्या आसपास असून त्यात ओमेगा-३ कुळातले अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे शरीराला आवश्यक असलेले एक बहुअसंपृक्त मेदाम्ल, सहा-सात टक्के असते. पाम तेल निम्मे संपृक्त असते, खोबरेल तेल जवळजवळ नव्वद टक्के आणि साजूक तूप साठ टक्क्यांहून थोडे अधिक.

तेल कोणत्या तापमानाला धुरावते, याला पुष्कळदा वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. रिफाइंड केलेले जवळजवळ प्रत्येक तेल २२० अंश सेल्सिअसच्या पुढेच धुरावते, आणि तळण तर १७० ते १९० अंशांवर होते. त्यामुळे धूर आला नाही म्हणजे तेल सुरक्षित राहिले, असा अर्थ काढता येत नाही. बहुअसंपृक्त मेदाम्ले जास्त असलेले तेल धूर न येताही पुन्हा पुन्हा तापवल्याने लवकर बिघडते. म्हणून तळणाचे तेल निवडताना धुराच्या आकड्याआधी या मेदाम्लांचे प्रमाण पाहावे.

चौथी पायरी : मुख्य तेल आणि जोडीचे तेल

रोजच्या स्वयंपाकाचे मुख्य तेल म्हणून माझी निवड शेंगतेलाची आहे. त्याची मेदाम्लांची रचना फोडणी आणि परतणे या दोन्हींना मानवते, अधूनमधूनच्या तळणालाही ते टिकते, आणि आपल्या कुटाच्या, कांदा-लसूण मसाल्याच्या स्वयंपाकाशी त्याचा वास जुळतो. सातारा-सांगलीची चव घडली आहे तीच मुळी या तेलावर. कराड ४-११ हे भुईमुगाचे जुने वाण आपल्याच भागाच्या नावाने ओळखले जाते. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात आता भुईमुगाची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे, शेंगतेल महाग पडते आणि म्हणून त्यात भेसळीचा मोहही जास्त असतो. त्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

शेंगतेलाची एक उणीव मात्र माहीत हवी. त्यात ओमेगा-३ जवळजवळ नसते. राष्ट्रीय पोषण संस्था तेले आलटून-पालटून वापरायला सांगते, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी जोडीचे तेल म्हणून सोयाबीन घेता येते, किंवा ज्यांना उग्र वास चालतो त्यांना मोहरीचे तेल. सोयाबीन तेल स्वस्त असते आणि सहज मिळते, परंतु उघडून फार दिवस ठेवले तर त्याला माशासारखा वास येऊ लागतो, म्हणून ते अर्ध्या किंवा एक लिटरच्या पिशवीतच आणावे आणि महिन्याच्या आत संपवावे. याहून मला पसंत असलेला मार्ग जवसाच्या चटणीचा आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो, त्यामुळे भाजून कुटलेल्या जवसाची एक मोठा चमचा चटणी रोज भाकरीबरोबर खाल्ली तर दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळते. जवस मात्र कुटलेलेच असावे, अख्खे दाणे बरेचसे न पचता निघून जातात. ही चटणी एकदम किलोभर करून न ठेवता आठ-दहा दिवसांपुरतीच करावी.

करडईची गोष्ट थोडी वेगळी आहे. माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांच्या मानाचे हे रब्बीचे पीक आहे, आणि काट्यांमुळे काढणी अवघड जाते म्हणून शेतकरी त्यापासून दूर जात असताना फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची वाणे विकसित केली. करडईच्या तेलात बहुअसंपृक्त मेदाम्ले इतकी जास्त आहेत, की ते तळणाला वापरणे मला पटत नाही. खर्डा, कारळ्याची चटणी, लसणाची चटणी यांवर कच्चे घ्यायला मात्र ते फार चांगले आहे. त्याचे आवश्यक मेदाम्ल न तापता पोटात जाते आणि चवही सौम्य असते. यासाठी अर्धा लिटरची बाटली घरात पुरेशी होते. ज्या घरात शेंगतेल आणि करडई अशी जोडी आहे, तिथे ओमेगा-३ दोन्हींतून मिळत नाही, म्हणून त्या घरात जवसाची चटणी असलीच पाहिजे.

उरलेल्या तेलांविषयी थोडक्यात. सूर्यफूल रिफाइंड हलके आणि बिनवासाचे असते, जोडीचे तेल म्हणून चालते, मुख्य म्हणून नको. भाताच्या कोंड्याच्या तेलाची रचना शेंगतेलाच्या जवळ जाते, त्यात ओरिझॅनॉल नावाचा उपयुक्त घटक असतो, आणि ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी मुख्य तेल म्हणून मी तेच सुचवेन. तिळाचे तेल चवीला सुंदर आणि टिकाऊ आहे, पण रोजच्या खर्चाला महाग पडते. सरकीचे तेल फरसाणवाले वापरतात, घरी त्याची गरज नाही. पामोलिन स्वस्त असते, पण आधीच बाहेरचे फरसाण, बिस्किटे आणि बेकरीचे पदार्थ यांतून ते आपल्या पोटात पुष्कळ जात असते, म्हणून घरच्या किटलीत ते नसावे. ऑलिव्ह तेल चांगले आहे, तरी सांगलीच्या स्वयंपाकात त्याच्यासाठी एवढे पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही.

पाचवी पायरी : घाण्याचे, फिल्टर की रिफाइंड

लाकडी घाण्याची दुकाने अलीकडे सांगली-साताऱ्यात पुन्हा दिसू लागली आहेत, आणि नव्याने संसार करणाऱ्यांचा ओढा तिकडे आहे. घाण्यावर दाणे सावकाश दाबले जातात, तेल फारसे तापत नाही, त्यामुळे वास, जीवनसत्त्व ई आणि इतर सूक्ष्म घटक टिकतात. फिल्टर तेल एक्सपेलर या यंत्रात जास्त दाबाने काढून गाळलेले असते, तिथे तापमान वाढते, पण रसायने वापरलेली नसतात. रिफाइंड तेलातून डिंकासारखे घटक, मोकळी आम्ले, रंग आणि वास क्रमाक्रमाने काढले जातात, आणि शेवटच्या टप्प्यावर ते निर्वातात दोनशे अंशांच्या पुढे तापवून त्यातून वाफ सोडली जाते. सोयाबीनमध्ये मुळात तेल वीस टक्क्यांच्या आतबाहेर असल्याने ते बहुधा हेक्झेन या द्रावणाने काढतात आणि मग ते द्रावण उडवून टाकतात.

रिफाइंड तेल म्हणजे विष, असे सरसकट सांगितले जाते, ते मला मान्य नाही. त्याची मेदाम्लांची रचना मूळ तेलासारखीच राहते, जाते ते वास, चव आणि काही उपयुक्त सूक्ष्म घटक. उलट घाण्याच्या तेलाला एक गंभीर धोका आहे, ज्याविषयी फार कमी बोलले जाते. भुईमुगाचे दाणे ओलसर राहिले तर त्यांवर ॲस्परजिलस बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. रिफायनिंगमध्ये ते बऱ्याच अंशी निघून जाते, घाण्याच्या तेलात मात्र त्याचा काही भाग उतरतो. म्हणून घाण्यावर गेल्यावर तेलाच्या आधी दाण्यांचे पोते पाहावे. दाणे सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळी बुरशी आलेले किंवा खाऊन पाहिल्यावर कडवट लागणारे असतील, तर तेथून तेल घेऊ नये. काही घाण्यांवर आपले दाणे नेऊन तेल काढून मिळते. गावाकडे चांगल्या वाळवलेल्या शेंगा असतील, तर त्या फोडून, दाणे निवडून तेल काढून आणणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

किंमत पडताळण्यासाठी एक साधे गणित उपयोगी पडते. शेंगदाण्यात तेल पंचेचाळीस ते पन्नास टक्के असले, तरी घाण्यावर ते सगळे निघत नाही, काही पेंडीत राहते. एक लिटर तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. त्या दिवशीचा दाण्यांचा दुकानातला भाव घ्यावा, त्याला अडीचने गुणावे, आणि जनावरांसाठी विकल्या जाणाऱ्या सव्वा-दीड किलो पेंडीचे पैसे त्यातून वजा करावेत. घाणेवाल्याला दाणे घाऊक भावाने मिळतात, म्हणून थोडी सूट धरावी. तरीही या रकमेपेक्षा फारच कमी भावाने कोणी ‘शुद्ध घाण्याचे शेंगतेल’ देत असेल, तर त्यात दुसरे स्वस्त तेल मिसळलेले असण्याचीच शक्यता जास्त. ताजे घाण्याचे तेल तापवताना सुरुवातीला फेस येतो आणि बाटलीच्या तळाशी थोडा गाळ बसतो. हे दोन्ही स्वाभाविक आहे, त्याला भेसळ समजू नये. मात्र ते रिफाइंडपेक्षा बरेच लवकर धुरावते, म्हणून फोडणीसाठी कढई कडकडीत तापू देऊ नये आणि तळणासाठी ते वापरू नये.

ज्यांना घाण्याची खात्री पटत नाही किंवा खर्च झेपत नाही, त्यांनी नामांकित फिल्टर शेंगतेल निःशंकपणे घ्यावे. दोनशे रुपये वाचवण्यासाठी अनोळखी ठिकाणचे ‘घाण्याचे’ तेल घेण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

सहावी पायरी : पिशवी वाचणे

दुकानात पिशवी हातात घेतल्यावर समोरची चित्रे सोडून मागची बाजू वाचावी. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि ग्रॅममधले निव्वळ वजन या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. सर्व पिशव्या सारख्या मापाच्या नसतात, एकीचा भाव कमी वाटतो तो कधी कधी तेल कमी असल्यामुळे. म्हणून तुलना ग्रॅमच्या भावानेच करावी. ‘ब्लेंडेड’ लिहिलेले असेल, तर ती दोन तेलांची मिश्रणे असतात आणि त्यांतील प्रत्येक तेल किमान २० टक्के असावे लागते. पुढे मोठ्या अक्षरांत ज्याचे नाव आहे ते आत किती आहे, हे मागे लिहिलेल्या टक्केवारीवरून कळते.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात संपृक्त मेदाम्लांचा आकडा असतो. तो तिसऱ्या पायरीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला, की मिश्रणाचे खरे स्वरूप लक्षात येते. ‘कोलेस्टेरॉल नाही’ या वाक्याला काहीही महत्त्व देऊ नये, कारण कोणत्याच वनस्पती तेलात दखल घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते. अधिक चिन्ह आणि एफ हे अक्षर असलेली निळी खूण म्हणजे तेलात जीवनसत्त्व अ आणि ड घातलेले आहे, आणि ही खूण असलेले तेल घेणे चांगले.

सुटे तेल अजिबात घेऊ नये. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आहेत आणि त्यामागे कडू अनुभव आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने सूज आणि हृदयाचा त्रास होऊन अनेकांचे जीव गेले. डोळ्यांनी किंवा वासाने ती भेसळ सामान्य माणसाला ओळखता येत नाही. ओळखीच्या घाण्यावर डोळ्यांसमोर निघालेले तेल आपल्या स्वच्छ बरणीत आणणे ही गोष्ट वेगळी, आणि कोणाच्या तरी उघड्या डब्यातून मापाने तेल घेणे वेगळे.

सातवी पायरी : तूप, लोणी आणि वनस्पती

घरी रोज दीड-दोन लिटर म्हशीचे दूध येत असेल, तर तूप विकत घेण्याची फारशी गरज पडत नाही. साय आठवडाभर फ्रीजमध्ये साठवावी, मग तिला विरजण लावावे, दही झाल्यावर घुसळून लोणी काढावे, दोन-तीन पाण्यांनी धुवावे आणि जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर कढवावे. लोण्यातले पाणी उडून जाते, बुडबुडे बारीक होतात, बेरी बदामी रंगाची होते, आणि तेव्हाच आच बंद करावी. बेरी काळपट झाली तर तुपाला जळका वास लागतो, आणि पाणी राहिले तर तूप टिकत नाही. हळूहळू थंड होऊ दिलेले तूप कणीदार होते.

तुपाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, ते औषध आहे आणि ते हृदयाला घातक आहे. माझ्या मते त्याचे उत्तर पहिल्या पायरीतच आहे. २००० किलोकॅलरींच्या आहारात संपृक्त मेदाम्लांची मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास येते. एका चमचा तुपातून त्यांपैकी तीन ग्रॅम येतात, आणि दूध, दही, शेंगतेल यांतूनही काही येतात. निरोगी माणसाने वरण-भातावर किंवा गरम भाकरीवर रोज एक चमचा तूप घ्यायला हरकत नाही. पुरणपोळीच्या दिवशी वाटीभर तूप घ्यावे, तो सणाचा दिवस असतो. पण तूप पौष्टिक म्हणून रोजची सगळी भाजी त्यात करावी, हे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

वनस्पती तूप घरात आणूच नये. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केले जाते, आणि ती प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स मेदाम्ले तयार होतात, जी हृदयाला संपृक्त मेदाम्लांपेक्षाही अधिक घातक आहेत. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या अशा मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आली, ही फार चांगली गोष्ट झाली. तरीही आजचे वनस्पती तूप मुख्यतः पामवर आधारलेले, संपृक्त मेदाम्लांनी भरलेले असते, आणि साजूक तुपाची चव त्याला नसते. चकली किंवा शंकरपाळ्यांच्या मोहनासाठी ते लागते असे सांगितले जाते, पण मोजलेले गरम तेल किंवा साजूक तूप घातले तरी शंकरपाळे खुसखुशीत होतात.

आठवी पायरी : तळण आणि उरलेले तेल

तळणासाठी रिफाइंड किंवा फिल्टर शेंगतेल घ्यावे, आणि लागेल तेवढेच घ्यावे. लहान, खोल कढईत थोडे थोडे तळले तर अर्ध्या लिटरमध्ये भज्यांचे काम होते. पिठाचा छोटा गोळा टाकून पाहावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे आणि पदार्थ तेल पितो, लगेच वर येऊन सावकाश रंग धरू लागला तर आच बरोबर आहे, आणि टाकल्याबरोबर काळवंडला तर आच उतरवावी. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तळू नये, कारण तांब्याच्या संपर्काने तेल फार लवकर बिघडते.

एकदा तळलेले तेल थंड झाल्यावर बारीक कापडातून गाळून घ्यावे, कारण तळाशी राहिलेले पिठाचे कण पुढच्या वेळी जळतात. हे तेल पुन्हा तळणाला न वापरता एक-दोन दिवसांत फोडणीला वापरून संपवावे. ताज्या तेलात ते मिसळू नये. तेलाचा रंग गडद झाला, ते चिकट वाटू लागले, फेस विरेना किंवा कमी आचेवरच धूर येऊ लागला, तर ते खाण्यातून बाद समजावे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारे पदार्थ, साठत जातात. हॉटेले आणि फरसाण दुकानांसाठी एफएसएसएआयने त्यांची मर्यादा जुलै २०१८ पासून २५ टक्के ठरवून दिली आहे. घरात ते मोजण्याचे साधन नसते, म्हणून एकदाच तळण्याचा नियम पाळणे श्रेयस्कर. गाड्यावरचा वडा घेण्याआधी त्याच्या कढईतल्या तेलाचा रंग पाहण्याची सवयही लावून घ्यावी. बाद झालेले तेल मोरीत ओतू नये, त्याने नळी तुंबते. कागदाच्या तुकड्यांत किंवा भुशात जिरवून ते कचऱ्यात टाकावे.

नववी पायरी : साठवण

तेलाचे शत्रू म्हणजे उष्णता, उजेड आणि हवा, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. गॅसशेजारच्या फळीवर तेलाची किटली ठेवण्याची पद्धत सोयीची असली तरी तेलाला मारक आहे. रोजची लहान बरणी तेवढी ओट्यावर असावी, बाकीचे तेल स्टीलच्या किंवा गडद काचेच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, थंड आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावे. बरणी रिकामी झाली की ती धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच भरावी, कारण तळाशी राहिलेले जुने खवट तेल नव्या तेलाला लवकर खवट करते. घाण्याचे शेंगतेल दोन महिन्यांत आणि करडईचे तेल त्याहून लवकर संपवावे.

पंधरा किलोचा डबा एकदम घेतला की स्वस्त पडतो, हे खरे आहे. पण पहिल्या पायरीतल्या हिशोबाने चौघांच्या घराला तो पाच महिन्यांहून अधिक पुरतो, आणि एकदा फोडलेला डबा इतका काळ ताजा राहत नाही. शिवाय घरात तेल भरपूर असले की हात सैल सुटतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून डबा घेऊन त्याच दिवशी वाटून घेतला, तर दोन्ही अडचणी सुटतात. हिवाळ्यात तेल दाटसर किंवा ढगाळ झाले तर घाबरू नये, ऊन किंवा उबारा मिळाला की ते पूर्ववत होते. खवटपणा ओळखायला नाकच पुरेसे आहे. जुन्या रंगासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर ते तेल फोडणीत घालून झाकू नये, टाकून द्यावे.

पहिल्या महिन्याची यादी

चौघांच्या घरासाठी पहिल्या महिन्याला दोन लिटर फिल्टर किंवा खात्रीच्या घाण्याचे शेंगतेल, अर्धा लिटर सोयाबीन किंवा सूर्यफूल, चटणीवर घेण्यासाठी अर्धा लिटर करडईचे तेल, अर्धा किलो साजूक तूप आणि पाव किलो जवस आणावे. दोघांचे घर असेल तर हे सगळे निम्मे करावे, आणि एकटे राहणाऱ्याने शेंगतेल एक लिटर (त्यातले पाव लिटर उरायला हवे) आणि तूप शंभर-दीडशे ग्रॅम एवढ्यावरच भागवावे, बाकीची तेले हळूहळू घ्यावीत. बरणीवर चिकटपट्टी लावून तेल भरल्याची तारीख लिहावी. महिन्याच्या शेवटी काय उरले आणि काय आधीच संपले ते पाहावे. शेंगतेल विसाव्या दिवशीच संपले असेल, तर आधी तळणाचे दिवस आठवावेत, मग पोळीला लावण्याचे तेल मोजावे, आणि दुसऱ्या महिन्याला नवे तेल शोधण्याऐवजी फोडणीच्या पळीच्या जागी मोजणीचा चमचा घ्यावा. करडईचे तेल उरले असेल, तर पुढच्या वेळी त्याची लहान बाटली घ्यावी.